आगीपुरते छत्र: कॅलिफोर्नियाचा फेअर प्लॅन, दोन वर्षांनंतर

कॅलिफोर्निया फेअर प्लॅन, म्हणजे ज्या घरांना बाजारात विमा मिळत नाही त्यांच्यासाठीचा आगीचा विमा. त्याची पॉलिसी कोणी हौसेने घेत नाही. बाकीची दारे बंद झाली की मगच माणूस या दारात येऊन उभा राहतो, आणि म्हणूनच तिच्याविषयी जे बोलले जाते ते एक तर हायसे वाटून बोललेले असते किंवा चिडून. माझ्याकडे ही पॉलिसी दोन वर्षे आहे. दावा करण्याची वेळ आलेली नाही, त्यामुळे विम्याची खरी परीक्षा मी घेतली आहे असे म्हणता येणार नाही. पण तिची कागदपत्रे ओळ न् ओळ वाचली आहेत, तिच्या जोडीला घ्याव्या लागणाऱ्या दुसऱ्या पॉलिसीचे पैसे भरले आहेत आणि तिच्यातल्या सवलती मिळवण्यासाठी घराभोवती पुष्कळ घाम गाळला आहे. याच वाटेवर असलेल्या मराठी कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमचे घर सॅक्रामेंटोच्या पूर्वेला, एल डोराडो हिल्समध्ये, सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आहे. एप्रिलपर्यंत या टेकड्या हिरव्या असतात, जूनपर्यंत गवत वाळून पिवळे होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पहिला चांगला पाऊस होईपर्यंत ते तसेच उभे असते. जूनमध्ये आभाळाकडे पाहण्याची सवय असलेल्या आपल्या माणसाला, इथे उन्हाळा आणि पावसाळा एकमेकांना कधी भेटतच नाहीत, हे अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षे लागतात. वणव्यांचा सर्वांत वाईट काळ म्हणजे कोरडे वारे सुटतात तो शरद ऋतू, आणि तोच आपल्या दिवाळीचा काळ. २०१८ चा पाडवा ८ नोव्हेंबरला होता. त्याच सकाळी उत्तरेला पॅराडाइज गावाजवळ 'कॅम्प फायर' नावाची वणव्याची आग भडकली. तिने ८५ माणसांचा बळी घेतला आणि १८ हजारांहून अधिक इमारती जाळल्या. पुढे कितीतरी दिवस आम्ही खिडक्या लावून घरात बसलो होतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'कॅल्डोर फायर' आमच्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लागली, ग्रिझली फ्लॅट्स हे गाव जवळजवळ पुसले गेले आणि सुमारे २ लाख २२ हजार एकर जंगल जळले. तेव्हा आमच्या पत्त्याकडे विमा कंपन्या कोणत्या नजरेने पाहत असतील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या कंपनीचे पत्र आले: पॉलिसीचे नूतनीकरण होणार नाही. चौदा वर्षे एकही दावा न करता हप्ते भरले होते, पण पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. 'वणव्याचा धोका' हे दोन शब्द होते आणि एक तारीख होती. कायद्याने अशी सूचना किमान ७५ दिवस आधी द्यावी लागते, आणि हे दिवस भुर्रकन उडून जातात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने राज्यात घरांच्या नव्या पॉलिसी घेणे थांबवले होते आणि इतर कंपन्याही हात आखडता घेत होत्या. आमच्या एजंटबाईंनी नऊ ठिकाणी विचारणा केली आणि नवव्या नकारानंतर फेअर प्लॅनचा अर्ज पुढे केला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मलाही होता. फेअर प्लॅन ही सरकारी योजना नाही. १९६८ साली, साठच्या दशकातल्या दंगली आणि वणवे यांनंतर, विधिमंडळाने कायदा करून तिची स्थापना केली हे खरे. पण ती राज्यात मालमत्तेचा विमा विकणाऱ्या परवानाधारक कंपन्यांनी मिळून चालवलेली संघटना आहे आणि तिच्यात करदात्यांचा पैसा नाही. ज्या घराला बाजारात विमा मिळत नाही त्याला किमान आगीचे संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू. 'शेवटचा आसरा' असे तिला म्हणतात. बाजारात दुसरी पॉलिसी मिळाली की हिच्यातून निघून जावे, असेच तिने स्वतःही गृहीत धरलेले आहे. २०२५ पर्यंत या शेवटच्या आसऱ्याला साडेपाच लाखांहून अधिक पॉलिसीधारक येऊन टेकले होते. धर्मशाळेत लोक कायमचे राहू लागले की जे होते, ते इथे झाले आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसे दिल्यावर हातात काय पडते. मूळ पॉलिसीत चार गोष्टी आहेत: आग, वीज कोसळणे, घराच्या आत होणारा स्फोट आणि धूर. चोरी नाही. नळ फुटून घरात पाणी झाले तर नाही. पाहुणा पायरीवरून घसरून पडला आणि त्याने दावा लावला, तर नाही. झाड छपरावर पडले तरी नाही. आपण 'घराचा विमा' म्हणतो तेव्हा या सगळ्या गोष्टी मनात धरलेल्या असतात, आणि घराच्या कर्जाचे कागद करताना बँकेने नुसते 'विम्याचा पुरावा द्या' एवढेच विचारल्यामुळे फेअर प्लॅन पुरेसा आहे असा समज सहज होतो. हा घराचा विमा नाही. हा घराचा आगीचा विमा आहे. या एका वाक्याचा अर्थ नीट कळला तर निम्मी निराशा टळते.

उरलेली भोके बुजवण्यासाठी दुसऱ्या खासगी कंपनीची 'डिफरन्स इन कंडिशन्स' नावाची पॉलिसी घ्यावी लागते. एजंट लोक तिला नुसते डीआयसी म्हणतात. चोरी, पाण्याचे नुकसान, दुसऱ्याच्या इजेची जबाबदारी वगैरे तिच्यात येते आणि आग मुद्दाम वगळलेली असते. म्हणजे एका घराला दोन कंपन्या, दोन हप्ते, दोन नूतनीकरणाच्या तारखा आणि नुकसानीच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरायच्या दोन वेगवेगळ्या रकमा. जुन्या पॉलिसीला मी वर्षाला २,१५० डॉलर भरत होतो. पहिल्या वर्षी फेअर प्लॅनचे ३,४८० आणि डीआयसीचे १,२९० असे मिळून ४,७७० डॉलर झाले, म्हणजे दुपटीहून अधिक, आणि संरक्षण मात्र जेमतेम पूर्वीइतकेच.

डीआयसी वाचताना मराठी घराने एका कलमापाशी थांबावे, ते म्हणजे दागिन्यांचे. माझ्या पॉलिसीत चोरीला गेलेल्या दागिन्यांची मर्यादा १,५०० डॉलर आहे. आजच्या भावात त्यात सासूबाईंच्या तोड्यांपैकी एकही बसत नाही. ही मर्यादा वाढवायची तर प्रत्येक नगाची नोंद, पावती किंवा मूल्यांकन आणि वेगळा हप्ता लागतो. गाव रिकामे करण्याचा हुकूम सुटल्यावर बंद घरे चोरांनाही माहीत असतात. आमच्याकडे यावर निघालेला तोडगा अगदी देशी आहे: सोने बँकेच्या लॉकरमध्ये, आणि रोजचे मंगळसूत्र गळ्यात. सामानाची यादी करण्यासाठी मी फोनवर घराची चित्रफीत काढली, प्रत्येक कपाट आणि खण उघडून. पैठण्यांची किंमत काय लावायची यावर घरात जो वाद झाला, तो मिटलेला नाही.

पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा हप्त्याचा नसतो, तर घर पुन्हा बांधण्यासाठी मिळणाऱ्या कमाल रकमेचा असतो, आणि फेअर प्लॅन घेताना तो पुरेसा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी बरीचशी आपल्यावर येते. राहत्या घराला कमाल मर्यादा ३० लाख डॉलरची आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना ती आड येत नाही. आड येतो तो आळस. जुन्या पॉलिसीत आमच्या २,४०० चौरस फुटांच्या घराला ६ लाख ४० हजार डॉलर धरले होते आणि मी तोच आकडा उचलून नव्या अर्जात घालणार होतो. एजंटबाईंनी मला थांबवले आणि एखाद्या बांधकाम करणाऱ्याला विचारून यायला सांगितले. आमच्या भागात बांधणी करणाऱ्या गृहस्थांनी चौरस फुटाला ४०० डॉलरपेक्षा कमी सांगितले नाही. गुणाकार केला तर ९ लाख ६० हजार होतात. ३ लाख २० हजारांची ही तूट मी इतकी वर्षे उशाशी घेऊन झोपत होतो. घराची बाजारातली किंमत इथे कामाची नाही, कारण तिच्यात जमीन धरलेली असते आणि जमीन जळत नाही.

दोन पर्याय मागून घ्यावे लागतात. पहिला भरपाईच्या पद्धतीचा. काही न बोलता सही केली तर झीज वजा करून भरपाई मिळते, म्हणजे पंचवीस वर्षे जुन्या छपराला पंचवीस वर्षे जुन्या छपराची किंमत. नवे बांधण्याचा खर्च हवा असेल तर तसा पर्याय निवडून जास्तीचा हप्ता भरावा लागतो. दुसरा पर्याय बदललेल्या बांधकाम नियमांचा. आमचे घर १९९८ चे आहे. २००८ पासून इथल्या धोक्याच्या पट्ट्यात नवे घर आगीला तोंड देऊ शकेल असेच बांधावे लागते, आणि २०११ पासून नव्या घरात छताला आग विझवणारे पाण्याचे फवारे सक्तीचे आहेत. घर जळाले तर ते १९९८ च्या नियमांनी पुन्हा उभारता येत नाही. आजच्या नियमांनी उभारायचे तर जो जास्तीचा खर्च येतो तो या पर्यायाशिवाय आपल्या माथी येतो. मी दोन्ही घेतले आहेत, आणि वर दिलेल्या हप्त्यात ते धरलेले आहेत.

धुराविषयी थोडे. धूर पॉलिसीत आहे, पण धुराचे नुकसान कशाला म्हणायचे यावर गेली काही वर्षे भांडण चालले आहे. नुकसान कायमस्वरूपी हवे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे किंवा सामान्य माणसाच्या नाकाला जाणवणारे हवे, अशा अर्थाची फेअर प्लॅनची अट लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने २०२५ च्या जूनमध्ये कायद्याशी विसंगत ठरवली. घर उभे राहते पण भिंतींत, गाद्यांत आणि वातानुकूलनाच्या नळ्यांत काजळी शिरते, ही स्थिती वणव्याच्या प्रदेशात घर जळण्यापेक्षा अधिक जणांच्या वाट्याला येते. तेव्हा ही बाब किरकोळ नाही, आणि पॉलिसीच्या माझ्या मूल्यमापनात इथे मी गुण कापतो.

सवलतींच्या बाबतीत मात्र मी समाधानी आहे. 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' या २०२२ च्या नियमांनुसार राज्यातल्या विमा कंपन्यांना, घरमालकाने आगीपासून बचावाचे काम केले असेल तर हप्त्यात सूट द्यावी लागते, आणि आपल्या घराला धोक्याचे किती गुण दिले आहेत तेही लेखी कळवावे लागते. ते चुकीचे वाटले तर दाद मागता येते. फेअर प्लॅनही या सवलती देतो. सूट हप्त्यातल्या वणव्याच्या हिश्श्यावर मिळते, पूर्ण रकमेवर नव्हे, त्यामुळे केवळ सवलतीच्या लोभाने काम काढले तर हिशेब जुळणार नाही. मी ते घर वाचावे म्हणून काढले, आणि या दोन वर्षांत खर्च केलेल्या पैशांपैकी सर्वांत कारणी लागलेले पैसे कोणते असे विचारले, तर मी पॉलिसीचे नव्हे, या कामाचे सांगेन.

घरे पेटतात ती बहुधा ज्वाळांच्या भिंतीमुळे नाही. वाऱ्यावर मैलमैल उडत येणारे निखारे एखाद्या फटीत, पन्हळीतल्या पाचोळ्यात किंवा लाकडी डेकखाली जाऊन बसतात आणि वणवा पुढे निघून गेल्यावर घर आतून पेटते. अमेरिकी वनसेवेतून निवृत्त झालेले संशोधक जॅक कोहेन हे गेली तीस वर्षे सांगत आले आहेत: घर आणि त्याच्या लगतची शंभर फूट जागा यांवरच बरेचसे ठरते, आणि त्यातही भिंतीपासूनची पहिली पाच फुटे निर्णायक असतात. आम्ही ती पाच फुटे मोकळी केली. शोभेसाठी पसरलेला लाकडाच्या सालींचा थर उचलून तिथे खडी टाकली, खिडकीखालची जुनिपरची झुडपे मुळासकट काढली आणि घराला येऊन भिडणाऱ्या लाकडी कुंपणाच्या शेवटच्या टप्प्यात लोखंडी फाटक बसवले. दारातले काथ्याचे पायपुसणे गेले. दसऱ्याचे वाळके तोरण चौकटीवर महिनोन् महिने लटकत असे, ते आता दुसऱ्या दिवशी उतरते. तुळस लाकडी चौरंगावरून उतरून अंगणाच्या मधोमध काँक्रीटवर गेली. चिपळूणहून आलेल्या आईने हे सगळे पाहून एवढेच विचारले, "अरे, राब भाजायच्या आधी आपण बांधाकडचा कचरा ओढून घेतो, तसंच ना हे?" अगदी तसेच.

खरे जिकिरीचे काम निघाले ते झरोक्यांचे. माळ्यावर आणि जमिनीखालच्या पोकळीत हवा खेळावी म्हणून इथल्या घरांना वळचणीत आणि पायाशी जाळीचे झरोके असतात. आमच्या घराला असे बावीस निघाले. त्यांची मूळ जाळी पाव इंचाची. तिच्यातून तुरीच्या दाण्याएवढा निखारा सहज आत जातो आणि आत कोरडे लाकूड आणि पंचवीस वर्षांची धूळ असते. हल्लीचे नियम अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक धातूची जाळी सांगतात. वीस झरोक्यांना ती बसवली आणि वाऱ्याच्या तोंडावरच्या दोन मोठ्या झरोक्यांना प्रमाणित अग्निरोधक व्हेंट घेतले. त्यांच्या आत मधाच्या पोळ्यासारखी धातूची जाळी असते आणि तिच्यावरचा लेप आच लागताच फुगून वाट बंद करतो. ज्या कंत्राटदाराला काम दिले त्याने उत्साहाच्या भरात कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीच्या तोंडालाही बारीक जाळी ठोकली. तीन आठवड्यांनी कपडे ओलेच निघू लागले, तेव्हा मी शिडी लावून पाहिले: जाळीमागे कापसासारख्या तंतूंचा मुठीएवढा गठ्ठा दाबून बसला होता, गरम आणि कोरडा. वणवा बाहेर ठेवण्यासाठी पैसे देऊन आम्ही घरातच चूल रचली होती. त्या नळीला जाळी नव्हे, आपोआप मिटणारी धातूची झडप हवी, आणि काम झाल्यावर प्रत्येक झरोका स्वतः मोजून पाहावा.

काम झाल्यावर स्थानिक अग्निशमन दलाच्या निरीक्षकाला बोलावले. ही तपासणी फुकट होते. गृहस्थ पाऊण तास घराभोवती फिरले, मागच्या डेकखालून एक विसरलेली प्लायवूडची फळी काढून माझ्या हातात ठेवली आणि कागदावर सही केली. तो कागद, झरोक्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे सवलतीच्या अर्जाला जोडली. आमच्या वसाहतीने 'फायरवाइज', म्हणजे वणव्यापासून बचावाची तयारी करणारी वसाहत, म्हणून नोंदणी केली आहे. त्यासाठी दरवर्षी घरटी किमान एका तासाचे श्रमदान किंवा तेवढा खर्च दाखवावा लागतो, आणि त्याचीही वेगळी सूट मिळते. दुसऱ्या वर्षी हप्ता ३,४८० वरून ३,१२० वर आला.

मग २०२५ चा जानेवारी उजाडला. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन या आगींत १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या आणि फेअर प्लॅनची गंगाजळी अपुरी पडली. फेब्रुवारीत विमा आयुक्त रिकार्डो लारा यांनी सदस्य कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर वसूल करण्यास मंजुरी दिली. अशी वसुली तीस वर्षांत प्रथमच झाली. कंपन्यांना त्यातला अर्धा वाटा स्वतःच्या ग्राहकांकडून काढता येतो, म्हणजे सॅन होजेतल्या ज्या मित्राने वणवा फक्त दूरदर्शनवर पाहिला, त्याच्याही बिलात हा भार येऊ शकतो. ही रचना टिकाऊ आहे असे मला वाटत नाही. पण या वसुलीची तरतूद कायद्यातच असल्यामुळे खजिना आटल्यावरही दावे फेडण्याची सोय राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

तेव्हा ही पॉलिसी घ्यावी का? दुसरे काही मिळत नसेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावी, डीआयसीसकट घ्यावी, वरचे दोन्ही पर्याय मागून घ्यावेत आणि दर वर्षी बाजारात पुन्हा विचारणा करावी. बाजारात पर्याय असेल, अगदी हजार डॉलर महाग असला तरी, तोच पत्करावा. पाच गुणांपैकी मी हिला तीन देतो. त्यातला एक, ती मुळात उपलब्ध आहे यासाठी.

दर वर्षी विचारण्याचे फळ यंदा थोडे दिसले. नव्या नियमांमुळे काही कंपन्या धोक्याच्या भागांत पुन्हा पाय टाकू लागल्या आहेत आणि गेल्या महिन्यात एकीचा देकार आला: सगळे मिळून एकच पॉलिसी, हप्ता ३,३५० डॉलर. दोन्ही हप्ते मिळून आम्ही आज जे भरतो त्यापेक्षा हजाराने कमी. घरात आनंद झाला. मग मी पहिले पान उघडून आकडा पाहिला: घर पुन्हा बांधण्यासाठी ७ लाख डॉलर. तो ९ लाख ६० हजारांवर नेला तर हप्ता किती होईल, असे एजंटबाईंना विचारले आहे. त्या विचारून सांगते म्हणाल्या. उत्तर अजून आलेले नाही, त्यामुळे फेअर प्लॅनचा पुढचा हप्ता काल भरून टाकला.